दाणा आणि दोरी



आज तुम्हांला एका चित्रापुढे घेऊन बसायचे आहे. चित्र आपल्या मुलखातले नाही. त्यात टाळ-वीणा नाही, दिंडी-पताका नाही, तुळशीचे पानही नाही. आहे तो बर्फ, उघडीबोडकी झाडे आणि पाखरे. पण गेले वर्षभर हे चित्र माझ्या मनातून हललेले नाही. हरिपाठाला बसलो तरी मधूनच डोळ्यांपुढे येऊन उभे राहते. म्हणून म्हटले, आपल्या माणसांपुढे मांडावे.

चित्र पाहिले ते नातवाच्या पुस्तकात. तो चित्रकला शिकतो. सुट्टीत गावी आला तेव्हा एक जाडजूड पुस्तक बरोबर घेऊन आला होता. ओसरीवर बसून तो पाने उलटत होता आणि मी शेजारी बसून बघत होतो. बर्फाचे पान आले तसा मी त्याला थांबवले. जत्रेतल्या गोळ्यापलीकडे बर्फ पाहिलेला माणूस मी. मला त्या पांढऱ्या गावाचे अप्रूप वाटले.

हे चित्र पीटर ब्रूगेल नावाच्या चित्रकाराने १५६५ साली काढले. पैठणला आपले नाथमहाराज हयात होते, त्या काळातली ही गोष्ट. ब्रूगेल तेव्हा ब्रसेल्स शहरात राहत असे आणि चित्रही आज ब्रसेल्सच्याच संग्रहालयात आहे. लाकडी फळीवर तैलरंगांत काढलेले, जेमतेम सव्वा फूट उंच आणि पावणेदोन फुटांहून थोडे अधिक रुंद. पुस्तकात सांगितले होते, की १५६४-६५ चा हिवाळा युरोपात फार कडक गेला, नद्या गोठल्या. तोच हिवाळा या फळीवर उतरला आहे.

आता चित्रात या. एक खेडे आहे. छपरांवर बर्फ, रस्त्यावर बर्फ, झाडांच्या काटक्या-काटक्यांवर बर्फ. मधून नदी जाते, ती पार गोठली आहे. त्या गोठलेल्या नदीवर गावची माणसे खेळत आहेत. कुणी पायांना पाती बांधून घसरत चालले आहे, कुणी काठीने खेळते आहे, लहान पोरे मोठ्यांच्या मागे आहेत. थंडीने सगळे कामकाज थांबवलेले, तर माणसांनी त्या थंडीचाच खेळ केला. बघताना बरे वाटते.

उजव्या बाजूला, घराजवळच्या मोकळ्या जागेत, झाडांच्या मध्ये एक जुने जड दार पडले आहे. पडले आहे असे मला वाटले. नीट बघितले तर ते एका बाजूने काठीच्या टेकूवर तिरके उचललेले आहे. त्याच्या खाली दाणे टाकले आहेत आणि पाखरे जमली आहेत. काही खाली टिपत आहेत, काही फांदीवर बसून बघत आहेत. मी म्हणालो, "वा! एवढ्या बर्फात पाखरांना दाणे टाकणारे कुणी पुण्यवान घर दिसते. दाणे भिजू नयेत म्हणून वर दार धरले आहे."

नातू हसला नाही. म्हणाला, "आजोबा, दोरी दिसली का?"

मग दिसली. टेकूच्या काठीला बारीक दोरी बांधली आहे. ती बर्फावरून जाते आणि घराच्या भिंतीतल्या लहानशा काळ्या खिडकीत शिरते. खिडकीत चेहरा दिसत नाही, नुसता अंधार. पण दोरी आहे म्हणजे दोरीच्या टोकाला हात असणारच. पाखरे पुरेशी जमली की हात दोरी ओढील, टेकू निघेल, दार पडेल.

माउली, दाणे पाहून ज्या घराला मी पुण्यवान म्हणालो होतो, तेच घर दोरी पाहिल्यावर मला बघवेना. दाणे तेच, पाखरे तीच, दारही तेच. बदलले काय?

या चित्राचा अर्थ जाणकार सांगतात तो असा. बर्फावर खेळणारी माणसे आणि दाराखाली टिपणारी पाखरे यांची गत एकच. पाखराला वरचे दार दिसत नाही, माणसाला खालच्या बर्फाची जाडी कळत नाही. चित्रकाराने अगदी पुढच्या फांद्यांवर बसवलेली पाखरे आकाराने दूरच्या माणसांएवढीच दिसतात, आणि नदीच्या बर्फात एक भोकही दाखवले आहे. याच ब्रूगेलच्या रेखाटनावरून केलेले घसरगुंडीचे आणखी एक छापील चित्र आहे. त्याच्या नंतरच्या आवृत्तीवर मानवी जीवनाच्या निसरडेपणाविषयीचे शीर्षक छापलेले आहे. फळीवरचे हे चित्र लोकांना इतके भावले, की त्याच्या शंभराहून अधिक नकला झाल्या. त्यांतल्या पुष्कळ त्याच्या मुलाच्या कारखान्यातून निघाल्या.

हा अर्थ आपल्याला नवा नाही. गळाला लागलेला मासा, जाळ्यात सापडलेले पाखरू, हे दृष्टांत आपण कीर्तनात लहानपणापासून ऐकत आलो. मीही चार ठिकाणी प्रवचनात सांगितले आहेत. शेवट ठरलेला असतो: पाखराने लोभ केला म्हणून ते सापडले, तुम्ही लोभ सोडा.

पण चित्र बघता बघता मला स्वतःच्याच प्रवचनाची शंका येऊ लागली. त्या पाखराने लोभ केला का हो?

जरा त्या थंडीत पाखराच्या जागी बसून बघा. मूठभरही नसलेला जीव. बर्फाने जमिनीवरचे बी झाकून टाकले, किडामुंगी दडून गेली. हिवाळ्याचा दिवस आखूड आणि रात्र लांब. पिसे फुलवून, त्यांत हवा कोंडून हा जीव रात्रभर स्वतःची ऊब धरून ठेवतो. ती ऊब टिकते दिवसा खाल्लेल्या अन्नावर साठलेल्या इवल्याशा चरबीतून. संध्याकाळपर्यंत पोट भरले नाही तर सकाळ दिसेलच असे नाही. अशा जिवाला दाणे दिसले आणि ते उतरले. याला आपण लोभ म्हणायचे? भुकेला लोभ हे नाव भरल्या पोटाचा माणूसच देऊ शकतो. सापडलेल्याला दोष देणे सोपे असते, कारण त्यामुळे खिडकीकडे बघावे लागत नाही.

बरे, खिडकीतला माणूस तरी राक्षस होता का? तसेही नसेल. कडक हिवाळा, शेत बर्फाखाली, चुलीवर शिजवायला काय? त्या मुलखात लहान पाखरे खात असत. त्यालाही पोरेबाळे असतील. आपण वारकरी, जीवहत्या आपल्याला मान्य नाही. पण त्या देशाच्या, त्या हिवाळ्यातल्या माणसाचा न्याय गळ्यात माळ घालून आपण करत बसू नये. चित्रकारही करत नाही. त्याने त्याचा चेहराच काढला नाही.

मग मला टोचले ते काय? हे समजायला त्याच चित्रकाराचे त्याच वर्षाचे दुसरे चित्र उपयोगी पडले. तेही पुस्तकात होते. ते आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यातही बर्फ आहे, काळी उंच झाडे आहेत, फांद्यांवर कावळ्यांसारखी पाखरे बसली आहेत, आणि दरीवरच्या मोकळ्या आकाशात एक पाखरू पंख पसरून चालले आहे. झाडांखालून तीन शिकारी कुत्र्यांसह गावाकडे परतत आहेत. खांद्यावर भाले, आणि मिळाली आहे ती एक कोल्ह्याची शिकार. तेही जीव मारणारेच. पण त्यांचे भाले उघड आहेत. पाखरे त्यांना वरून बघू शकतात. भाला बघून पळायचे, हे प्रत्येक जिवाला कळते.

दाराखालच्या दाण्यांचे तसे नाही. तिथे घेणाऱ्याने देणाऱ्याचा वेश घातला आहे. शिकार दानाच्या रूपात आली आहे. त्यात मेलेल्या पाखरांचे नुकसान तर झालेच, पण जी वाचली त्यांचेही झाले. फांदीवर बसून ज्यांनी दार पडताना पाहिले, ती पाखरे पुढे माणसाने टाकलेल्या कोणत्याही दाण्यापाशी भीतच उतरणार. शेजारच्या घरातल्या म्हातारीने खऱ्या दयेने मूठभर दाणे टाकले तरी. एका आमिषाने गावातल्या सगळ्या दानांवरचा विश्वास उडवला. दोरी लावलेल्या दानाचे मोठे पाप मला वाटते ते हे.

इथवर विचार आला आणि मी पुस्तक मिटले. कारण खिडकीतला हात मला ओळखीचा वाटू लागला होता.

तुम्हांला सांगतो, लपवत नाही. आमच्या वाटेकऱ्याचा मुलगा हुशार होता. बाप अकाली गेला. मुलाच्या पुढच्या शिक्षणाची फी मी भरली, दोन वर्षे. गावाने माझे कौतुक केले आणि मी ते गोड मानून घेतले. त्यानंतर माझ्या घरी काही काम निघाले की मी त्याला हाक मारायचो. मळणी असो, मांडव घालायचा असो, रात्री विहिरीवरची मोटर चालू करायची असो. तो यायचा. मजुरीचे नाव त्याने काढले नाही आणि मीही काढले नाही. मला वाटायचे, पोरगा माया लावून आहे.

एका वर्षी ज्येष्ठात तो आला आणि म्हणाला, "काका, आईला एकदा वारी करायची आहे. मी तिला घेऊन जातो." माझी पेरणी खोळंबली होती. मी म्हणालो, "आणि फी भरली तेव्हा कुठे गेली होती रे वारी?"

तो काही बोलला नाही. थांबला. त्याने माझी पेरणी करून दिली. आणि माउली, त्या वर्षी मी वारीला गेलो. माझी पेरणी तो करत होता म्हणून मला जाता आले. टाळ वाजवला, फुगड्या घातल्या, चंद्रभागेत स्नान केले, कळसाला हात जोडले. त्याच्या आईचा विचार वाटेत एकदाही आला नाही. पुढे तिच्या गुडघ्यांनी तिला वारी करू दिली नाही, ती नाहीच. मुलाला नोकरी लागल्यावर त्याने फीचे सगळे पैसे तीन वेळा मिळून परत आणून दिले, मोजून. मी "अरे, कशाला?" म्हणालो आणि घेतले. तेव्हापासून समोर आला तर तो वाकून नमस्कार करतो. पण घरात येत नाही. पाणी देऊ केले तर "आत्ताच प्यालो" म्हणतो.

दार पडलेले बघितलेले पाखरू ते. मी टाकलेल्या दाण्यापाशी कसे उतरेल?

फी भरताना माझ्या मनात कपट होते का? नव्हते, हे आजही शपथेवर सांगेन. पण दोरी मागाहूनही बांधता येते. देताना हात मोकळा असतो, मग आठवणीची एक सुतळी निघते, मग अपेक्षेची, आणि एक दिवस आपण ती ओढतो तेव्हाच आपल्याला कळते की ती होती. ब्रूगेलच्या माणसाला आपल्या हातात दोरी आहे हे ठाऊक तरी होते. मला तेही ठाऊक नव्हते.

कुणी म्हणेल, महाराज, अशाने जगच चालायचे नाही. आई औषध पाजताना पोराला गुळाचा खडा दाखवते, तीही दोरीच का? शाळेत खाऊ वाटतात म्हणून पोरे येतात, तेही आमिषच का? शंका रास्त आहे. मी माझ्यापुरते उत्तर असे शोधले, की दोरी कुठे जाते ते बघावे. आईच्या गुळाची दोरी पोराच्याच बऱ्या होण्यापाशी जाते. शाळेच्या खाऊची दोरी पोरांच्याच शिकण्यापाशी पोचते. दाराच्या टेकूची दोरी मात्र घराच्या आतल्या चुलीपर्यंत जाते. आणि पोर मोठे झाल्यावर आई हसत सांगू शकते, की गूळ औषधासाठी होता. खिडकीतला माणूस पाखरांना तसे सांगू शकत नाही. जे सांगता येत नाही आणि ज्याचे टोक आपल्याच घरात आहे, ते दान म्हणून मिरवू नये.

आणखी एक कसोटी आहे, ती जास्त बोचरी आहे. पाखराने दाणे टिपले आणि मागे न बघता उडून गेले, तर त्या क्षणी आपल्या मनात काय होते? बरे वाटले, तर दाणा मोकळा होता. मनात "गेले बघा, ओळखही नाही" असे आले, तर दोरीला हिसका बसला समजावे.

इथे तुम्हांला तुकोबारायांची गोष्ट आठवली असेल. शेत राखायला बसवलेले तुकोबा पाखरांना हाकलेनात. जोंधळ्यावर थवे उतरले, पोटभर खाऊन गेले, आणि शेताच्या धन्याने कालवा केला. पुढे रास उलट जास्तच भरली, असे परंपरा सांगते. आपण ही गोष्ट सांगताना राशीचा चमत्कार रंगवून सांगतो. मला आता वाटते, की राशीपाशी ती गोष्ट संपवली तर आपण पुन्हा तिला दोरीच बांधतो: पाखरांना खाऊ द्या, म्हणजे पीक जास्त येईल! तुकोबांनी पाखरांना खाऊ दिले तेव्हा त्यांच्या हिशेबात रास नव्हतीच. समोर भूक होती, एवढेच.

दुसरी एक गोष्ट सांगतात, ती मला अधिक जवळची झाली आहे. तुकोबांची चाहूल लागताच पाखरे भुर्रकन उडाली. दुसरा कुणी पुढे निघून गेला असता. तुकोबांना वाईट वाटले, की हे जीव मला भ्याले. ते तिथेच उभे राहिले, निश्चल, पाखरांची भीती जाईपर्यंत. शेवटी पाखरे येऊन त्यांच्या अंगाखांद्यावर बसली. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. पण पाखरांना त्यांनी हाक मारली नाही, दाणे दाखवले नाहीत, हे माझ्या ध्यानात आले ते ब्रूगेलचे चित्र पाहिल्यानंतर. गेलेला विश्वास दाण्यांनी परत येत नाही. आपण फक्त उभे राहायचे. यायचे की नाही हे पाखरू ठरवते.

आणि असे उभे राहणे कुणी शिकवावे आपल्याला? पंढरीत तो उभाच आहे. आपण त्याच्यापुढे जातो ते अनेकदा दोरी घेऊनच. हे दे, मग ते वाहीन. नोकरी लागू दे, मग पायी येईन. आपला नारळही कधी कधी टेकूला बांधलेला असतो. तो मात्र कुणाला ओढून आणत नाही. आला त्याला भेटतो, नाही आला त्याची वाट बघतो. पुढच्या वेळी पायांवर डोके ठेवाल तेव्हा वर नजर जाऊ द्या. कमरेवरच्या त्या हातांत दोरी नाही.

यंदा माघात मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो कामावर होता. त्याची आई ओट्यावर पाय पसरून बसली होती. मी तिला सांगितले, "त्या वर्षी तुमची वारी मी चुकवली." ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बसा, चहा टाकते." गुडघ्यांवर हात दाबत उठली आणि चुलीकडे गेली. मी बसलो. तिने दिलेला चहा प्यालो आणि घरी आलो. गाडी करून तुम्हांला पंढरपूरला नेतो, असे ओठांवर आले होते. गिळून टाकले. तो दाणा आत्ताच टाकायचा नव्हता. तिला मागावेसे वाटले तर ती मागेल. मुलगा अजून घरी आलेला नाही. येईल किंवा येणार नाही.

वाचक माउली, उन्हाळा येतो आहे. अंगणात पाखरांसाठी पाणी ठेवा, दाणे टाका. पालखीच्या वाटेवर पंगत वाढा. आणि वाढून झाले की जरा बाजूला व्हा. खिडकीत बसून मोजत राहू नका.

राम कृष्ण हरी.